‘लग्न लावून द्या, सुधरते’ असं यापुढे कोणाला सांगू नका

विदर्भातले कीर्तनकार, प्रवचनकार आणि गावोगावच्या सप्ताह समित्या यांना खुले पत्र

रामकृष्णहरी. जय गुरुदेव.

महाराज मंडळींनो,

सोयाबीन विकून झालं, कापसाचे वेचे लागले, की आपल्या भागात सप्ताहांचे दिवस सुरू होतात. कोणाचा दत्तजयंतीला, कोणाचा महाशिवरात्रीला, असं करत हनुमान जयंतीपर्यंत कुठे ना कुठे वीणा उभी असते. त्या सात दिवसांत तुम्ही जे सांगता ते गाव पुढे वर्षभर बोलत राहतं. मला लिहायचं आहे ते व्यासपीठावरच्या कीर्तनाबद्दल कमी आणि कीर्तन संपल्यानंतरच्या वेळेबद्दल जास्त. तुमचा मुक्काम ज्या घरी असतो तिथे रात्री लोक दर्शनाला येतात. पाया पडतात, चहा होतो, हळूहळू पांगतात. सगळे उठून गेल्यावर एखादे मायबाप मागे थांबतात. पोराचं लग्नाचं वय झालेलं असतं, नोकरी असते, घर असतं, पण तो लग्नाला नाही म्हणत असतो. खूप विचारल्यावर शेवटी त्याने सांगितलेलं असतं की त्याला बायकांची ओढ नाही, पुरुषांची आहे. ते ऐकल्यापासून त्या मायबापांचा डोळ्याला डोळा लागलेला नसतो. ते डॉक्टरकडे जात नाहीत, वकिलाकडे तर नाहीच नाही. ते तुमच्याकडे येतात. आणि तुमच्यापैकी बरेच जण त्यांना सांगतात, ‘लग्न लावून द्या. मांडवातून बाहेर आला का सुधरते.’

हे सांगणं बंद करा. त्यासाठीच हे पत्र आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. चांदूर बाजारकडची. घरी संत्र्याचा बगीचा आणि थोडं कोरडवाहू वावर. आमचे हे गावच्या सप्ताहात विणेकरी असतात, मी महिला भजनी मंडळात आहे. तेव्हा मांडवाबाहेर उभं राहून दगड मारणारी कोणी बाई म्हणून मला समजू नका. गावाचं आणि माझं नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या लेकीला अजून जगायचं आहे, आणि ज्या पोराबद्दल मी पुढे लिहिणार आहे त्यालाही.

तुमच्या त्या सल्ल्यानंतर जिला बोहल्यावर उभं केलं जातं, अशा एका पोरीची मी आई आहे.

सोयरीक जुळवताना आपल्याकडे जे जे पाहतात ते आम्ही पाहिलं होतं. वावर किती, नोकरी पक्की का, दारू आहे का, भाऊबंदकीचं भांडण आहे का. पोरगा खर्रासुद्धा खात नव्हता. बोलायला शांत, मोठ्यांना मान देणारा. साक्षगंध झाला, लग्न झालं, लेक नांदायला गेली. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा वाळली होती. विचारलं तर म्हणाली, काम जास्त आहे. मग हिवाळ्यात आली. वावरातून ओल्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या, आम्ही दोघी ओसरीत सोले काढायला बसलो होतो. ती खाली मान घालून एकेक शेंग फोडत होती आणि दाण्याऐवजी साल टोपल्यात टाकत होती. मी हात धरला तेव्हा बोलली. ‘आई, ते मले वाईट बोलत नाहीत. मारत नाहीत. पुढे शिक म्हनतात. पन मी खोलीत आली का ते उठून अंगनात जाऊन बसतात. माह्यातच काही कमी आहे का?’

लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं आणि ती तेव्हापासून हेच शोधत होती, की आपल्यात काय कमी आहे. सोळा सोमवार करून झाले होते. सासूने सांगितलेले मंगळवार करून झाले होते. शेजारणी ‘पाळणा कधी हलते’ विचारायला लागल्या तेव्हा सासूने तिला अमरावतीला डॉक्टरकडे नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, थायरॉईड झालं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. ज्या बाईला नवऱ्याने हातही लावला नव्हता तिची मूल न होण्यासाठी तपासणी झाली, आणि हे डॉक्टरला सांगायची तिची हिंमत झाली नाही, कारण सासू खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. त्या पोराची एकही तपासणी झाली नाही. त्याच्या मायबापांना माहीत होतं की तपासण्यासारखं काही नाही.

नंतर तो स्वतः आमच्या घरी आला. एकटाच आला. लेकीच्या अंगावरच्या दागिन्यांची यादी त्याने कागदावर लिहून आणली होती, तिचं एक मणीसुद्धा तिकडे राहू नये म्हणून. आमचे हे एक शब्द बोलले नाहीत. मी विचारलं, ‘बापू, लग्नाआधी काऊन नाही सांगितलं?’ तो म्हणाला, ‘आई, मी घरी सांगतलं होतं. बाबा मले महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी गंडा बांधला, एकवीस दिवसांचं पारायन सांगतलं, अन् म्हटलं, लग्न करून टाका. मले वाटलं, एवढे मोठे महाराज म्हनतात तं होत असन.’

त्या पोराचा दोष मी शून्य धरत नाही. साक्षगंधानंतर चार महिने गेले होते, फोन होता, माझ्या लेकीला तो सांगू शकत होता. तिचं तारुण्याचं एक वर्ष त्याच्या गप्प बसण्यात गेलं आणि ते कोणी भरून देणार नाही. पण ज्याने घरात तोंड उघडलं होतं त्याचं तोंड कोणी बंद केलं, हेही मला दिसतं. त्याच्या बापाला तुमच्यापैकी एकाने त्या रात्री वेगळं काही सांगितलं असतं, तर दोन्ही घरं वाचली असती. त्या महाराजांचं नाव मी घेत नाही. एका माणसाशी माझं भांडण नाही. हाच सल्ला मी नंतर इतक्या ठिकाणी ऐकला आहे की तो आता कोणा एकाचा राहिलेला नाही.

पुढे काय होतं तेही तुम्हाला माहीत असावं, कारण लग्न लागेपर्यंतच तुमचा संबंध असतो. वकिलाने आम्हाला दोन रस्ते सांगितले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं, पण फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. किती पोरींना वर्षभरात हे कोणाला सांगायचं धाडस होतं? दुसरा रस्ता परस्पर संमतीच्या फारकतीचा. लेकीने दुसरा घेतला. पहिल्या रस्त्यात साक्षीपुरावे होतात, उलटतपासणी होते, आणि तिला ते ना स्वतःसाठी हवं होतं, ना त्याच्यासाठी. फारकत झाली. गाव म्हणालं, पोरीतच खोट असेल. आता स्थळं येतात ती बायको वारलेल्यांची, नाहीतर दोन लेकरांच्या बापांची. लेक अमरावतीला नोकरी करते, आपल्या पायावर आहे, आणि सध्या लग्नाचं नाव काढू देत नाही.

आता धर्माचं बोलू. तुमच्यातले बरेच जण सल्ला देताना धर्माचा आधार देतात आणि मला धर्म जवळचा आहे.

व्यासपीठावरून सांगितलं जातं की हे कलियुगाचं लक्षण आहे, मोबाईलमधून आलं, विलायतेतून आलं. विलायतेतून आलं ते कलम ३७७. इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात ते घातलं आणि अशा संबंधाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने संमती असलेल्या प्रौढ माणसांना त्यातून वगळलं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्याच पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की दोन प्रौढ माणसं आपल्या राजीखुशीने एकत्र येत असतील तर तो गुन्हा नाही. म्हणजे या देशात असा माणूस गुन्हेगार ठरवला इंग्रजांच्या कायद्याने, आणि तो आपल्या कोर्टाने काढला.

‘शास्त्रात लिहिलं आहे’ असं म्हणणाऱ्यांनी शास्त्रात काय लिहिलं आहे ते उघडून पाहावं. मनुस्मृती मी प्रमाण मानत नाही. बाबासाहेबांनी ती १९२७ मध्ये महाडला जाळली, त्याची कारणं मी पोरांना वर्गात शिकवली आहेत. पण जे प्रमाण मानतात त्यांच्यासाठी सांगते. अकराव्या अध्यायात द्विज पुरुषाने पुरुषाशी संग केला तर प्रायश्चित्त म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करायला सांगितलं आहे. त्याच श्लोकात बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा स्त्रीशी संग करणाऱ्यालाही तेच स्नान आहे. कुमारिकेने किंवा बाईने कुमारिकेशी असं काही केलं तर मात्र त्याच ग्रंथात दंड, फटके, डोकं भादरणं, बोटं तोडणं अशी शिक्षा आहे. पुरुषाला आंघोळ आणि बाईची बोटं. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हे शेवटी वाचणारा माणूसच ठरवतो. तुम्हीही ठरवताच. बैलगाडीच्या श्लोकावर मी कधी कीर्तन ऐकलेलं नाही.

आणि आपल्या मातीतलं उदाहरण आहे ते मी फार आदराने सांगते. माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि तेवढ्यात शंभराच्या वर ग्रंथ. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत आणि श्रीकृष्णाला पती मानत. त्या भावाने ते कुंकू लावत, मंगळसूत्र घालत, वेणी घालत. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे आपल्या आजा-पणजाकडून ऐकलेलं आहे, आणि सांगताना त्यांच्या आवाजात भक्ती असते, टवाळी नसते. महाराजांच्या मधुराभक्तीला मी देहाच्या मापाने मोजत नाही आणि आजच्या कोणत्याही खान्यात त्यांना बसवत नाही. तो अधिकार माझा नाही. मला फक्त एवढं दिसतं की मंगळसूत्र घातलेल्या पुरुषापुढे वऱ्हाडाने डोकं टेकवलं आणि त्याने कोणाचा धर्म बुडाला नाही. तुम्ही स्वतः गौळण म्हणता तेव्हा उपरणं डोक्यावरून घेता आणि विरहिणीच्या आवाजात गाता. समोरच्या बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग त्याच कीर्तनात, लोक पेंगायला लागले की, गावातल्या एखाद्या बायकी चालीच्या पोराची नक्कल का करता? ‘बायल्या’ म्हणून हशा का घेता? तो पोरगा मांडवातच बसलेला असतो. बहुतेक वेळा तो सप्ताहात पंगतीला सगळ्यांच्या आधी वाढायला उभा राहणारा, रांगोळी काढणारा, दिंडीत पुढे नाचणारा असतो. हशा झाला की त्याच्या आईची मान खाली जाते. मी बायकांच्या बाजूला बसते, मला ती दिसते.

धर्माचं या बाबतीत एकच मत आहे, असंही नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा उलटा निकाल आला तेव्हा रामदेवबाबा म्हणाले की हा आजार आहे आणि योगाने बरा होतो. त्याच दिवसांत श्री श्री रविशंकर म्हणाले की हिंदू परंपरेत हा कधी गुन्हा नव्हताच. दोघांचेही भक्त आपल्याच गावात आहेत. त्या खटल्यात कलम ३७७ टिकावं म्हणून जे कोर्टात गेले त्यांत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, चर्चच्या संघटना होत्या, हिंदू धर्माच्या नावाने बोलणारे होते. एरवी एका पंगतीला न बसणारे सगळे इथे एका बाजूला होते. आणि प्रत्येकाच्या घरात दुसरं मतही होतं. २०१८ च्या निकालानंतर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाने सांगितलं की हा गुन्हा नाही, पण असे विवाह निसर्गाशी सुसंगत नाहीत. २०२३ च्या जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी मुलाखतीत सांगितलं की माणूस आहे तेव्हापासून असे लोक आहेत, त्यांना जगण्याचा हक्क आहे, आणि जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींची गोष्ट त्यांनी त्यासाठी सांगितली. त्याच वर्षी डिसेंबरात रोमच्या पोपनी अशा जोडप्यांना पाद्र्याने आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, लग्नाला मात्र दिली नाही, आणि जगभरचे बिशप त्यावर आपसांत भांडले. प्रत्येक धर्मात आज हा वाद चालू आहे. तुमच्या मनातही तो चालू असेल तर त्यात कमीपणा काही नाही. वाद मिटेपर्यंत कोणाच्या लेकीचा बळी देऊ नका, एवढंच मी म्हणते.

डॉक्टरांच्या बाजूला मात्र वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. मद्रास हायकोर्टाने लावून धरल्यावर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की ‘बरं करून देतो’ म्हणून असे उपचार करणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो. जे डॉक्टरने करायचं नाही ते गंडादोऱ्याने कसं चालेल? भूत उतरवतो म्हणून मारझोड, चटके, कोंडून ठेवणं असेल तर २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात तुरुंगवास आहे. काही मायबाप तुमच्याकडून निघून थेट भगताकडे जातात. तुमच्या एका शब्दाने ते थांबतात, हेही मी पाहिलं आहे.

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. लेकीची गोष्ट कळल्यावर घरात सगळ्यांत कमी हादरल्या त्या. म्हणाल्या, त्यांच्या माहेरी दोन माणसं होती, दोघंही बिनलग्नाची, वावरातल्या एकाच झोपडीत आयुष्यभर राहिली. एक गडी वखर धरायचा, दुसरा भाकरी थापायचा. गावाला ठाऊक होतं का? सासूबाई म्हणतात, ‘ठाऊक नसाले काय झालं? पन कोनी इचारत नव्हतं.’ आषाढीला दोघं मिळून पायी पंढरपूरला जायचे. एक वारला तेव्हा दुसऱ्याने तेरवी घातली आणि गाव जेवायला गेलं.

मला ही गोष्ट आवडते. पण जुन्या काळी सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी त्यावरून म्हणणार नाही. ते दोघं सुटले कारण ते गरीब होते, मागे कोणी जोर करणारं नव्हतं आणि त्यांच्या नावावर वंश चालवावा असं काही नव्हतं. ज्यांच्या मागे घर होतं, वावर होतं, त्यांची लग्नं लागलीच असतील, आणि त्या बायकांनी आयुष्यभर उपास धरले असतील. त्यांच्या गोष्टी सासूबाईंना आठवत नाहीत, कारण त्या कोणी सांगितल्याच नाहीत. गावाचं न विचारणं दोन पुरुषांना पुरलं. माझ्या लेकीला ते पुरलं नाही.

आज काळ थोडा बोलका झाला आहे, आपल्याकडेही. २०१७ च्या डिसेंबरअखेर मूळच्या यवतमाळच्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या एका माणसाने यवतमाळात येऊन आपल्या जोडीदाराशी लग्न केलं, नातेवाईक हजर होते. तेव्हा कलम ३७७ जागेवर होतं, पोलिसांपर्यंत गोष्ट गेली, पेपर भरून आले. २०२२ च्या सुरुवातीला नागपुरात घरच्यांच्या संमतीने झालेल्या दोन मुलींच्या साक्षगंधाची बातमी आली, त्या डॉक्टर आहेत असं बातमीत होतं. आमच्या भजनी मंडळात त्यावर दोन दिवस बोलणं चाललं. एक जण म्हणाली, डॉक्टर आहेत म्हणून निभलं. ते खरं आहे. खेड्यातल्या पोरीला असं काही वाटत असेल तर तिला कोणी विचारत नाही आणि ती ‘नाही’ म्हणाली तर ते ऐकलंही जात नाही. पोरगा तिशीपर्यंत टाळाटाळ करू शकतो. पोरीची बारावी झाली की पाहुणे येतात. तुमच्यापुढे पोरांचे मायबाप तरी येतात, अशा पोरींचे येतच नाहीत, कारण तिने तोंड उघडायच्या आत तिला हळद लागलेली असते. तिच्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही, पण तिला विसरू नका.

आणि मी काय मागत नाही तेही सांगते, म्हणजे कोणी गैरसमज पसरवायला नको. दोन पोरांची लग्नं मांडवात लावा असं मी म्हणत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानेही तो हक्क दिला नाही, तो विषय संसदेचा आहे असं सांगितलं. त्यावर माझं मत काय आहे ते मी वेगळं लिहीन. इथे माझं मागणं त्याच्या कितीतरी अलीकडचं आहे. जो पोरगा तोंडाने सांगतो आहे की मला बाई नको, त्याच्या गळ्यात बाई बांधू नका. याला मान्यता द्यायला शास्त्र बदलावं लागत नाही. कन्यादान घेणाऱ्याने खोटं बोलू नये, हे तर सगळ्या शास्त्रांत आहे.

कीर्तनाने माणूस बदलत नाही असं मला सांगू नका. शेंडगावचे गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्याचे. त्यांनी देवाला बोकड कापणारी गावंच्या गावं कीर्तनाने थांबवली, कर्ज काढून लग्न करणाऱ्या बापांना भर कीर्तनात उभं करून प्रश्न विचारले. ते उत्तर देत नसत, प्रश्न विचारत आणि माणसाच्या तोंडून उत्तर काढत. माझ्या लहानपणी बाईने कीर्तनाला उभं राहणं लोकांना चालत नव्हतं, आज आमच्या सप्ताहात कॉलेजात जाणाऱ्या पोरी कीर्तन करतात आणि म्हातारी माणसं त्यांच्या पाया पडतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो सगळ्या ग्रामपंचायतींना कळवला. आमच्या गावात ठराव झाला नाही, पण एका महाराजांनी कीर्तनात तो विषय घेतला आणि त्या संक्रांतीला आमच्या मंडळात दोन विधवा बायांना हळदीकुंकू लागलं. सरकारी कागदाने जे झालं नव्हतं ते त्या एका कीर्तनाने झालं. म्हणून मी हे पत्र सरकारला लिहिलं नाही, तुम्हाला लिहिलं.

असे मायबाप पुढच्या वेळी तुमच्यापुढे बसतील तेव्हा काय करावं, हे एका शिक्षिकेच्या सवयीने सांगते. आधी त्या पोराला किंवा पोरीला एकट्याने बोलू द्या, मायबापांना पाच मिनिटं बाहेर बसवा. जे सांगेल ते तुमच्यापाशीच ठेवा. मायबापांना सांगा की हा आजार नाही, करणी नाही, तुमच्या संस्कारात काही कमी पडलेलं नाही. आयांना हे ऐकायची फार गरज असते, कारण घरात सगळा दोष आधी आईच्या माथी येतो. लग्नाची तारीख काढू नका असं स्पष्ट शब्दांत सांगा. ‘पाहू, थोडं थांबा’ म्हणालात तर ते दुसऱ्या महाराजांकडे जातील. पोरगा खचलेला असेल, जिवाचं काही बरंवाईट करायची भाषा करत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आपल्या भागात फवारणीचं औषध प्रत्येक घरात हाताशी असतं, तेव्हा ही भाषा हलक्यात घेऊ नका. नागपुरात सारथी ट्रस्ट या लोकांसाठी बरीच वर्षं काम करते, तिथे अशाच पोरांचे मायबाप भेटू शकतात. तुमच्या शब्दाला मान आहे, तुम्ही ‘जाऊन या’ म्हणालात तर ते जातील.

सप्ताह समित्यांना माझं वेगळं सांगणं आहे. महाराजांना आमंत्रण देताना तुम्ही तारीख ठरवता, बिदागी ठरवता, साथीला मृदंग कोणाचा ते ठरवता. त्याच बोलण्यात हेही ठरवा की आमच्या मांडवात कोणाच्या चालण्याबोलण्याची नक्कल होणार नाही. वर्गणी सगळ्या घरांची असते. ज्या घरात असं लेकरू आहे तेही घर वर्गणी देतं, पोळ्या लाटायला बाई पाठवतं.

आमच्या गावचा सप्ताह दत्तजयंतीचा आहे. त्याच्या आधी समितीची बैठक होते, त्यात हे पत्र मी उभं राहून वाचणार आहे, यांनी वीणा बाजूला ठेवून माझ्या शेजारी बसायचं कबूल केलं आहे. सातही दिवसांच्या कीर्तनकारांना आणि काल्याच्या महाराजांना पत्राची एकेक प्रत आधीच पोचेल. कबूल असेल त्यांनी तसं कळवावं. ज्यांना कबूल नसेल त्यांनीही कळवावं आणि कोणत्या आधारावर नाही ते लिहावं, मी वाचीन आणि उत्तर देईन. फक्त गप्प राहून आमच्या मांडवात उभे राहू नका.

आपली,
एक माळकरी आई
तालुका चांदूर बाजार, जिल्हा अमरावती